प्रवेश झाला, पोरगं कार्यशाळेत पोचतंय का?

गणपती उठले की आयटीआयच्या कार्यशाळा रिकाम्या व्हायला लागतात. दरवर्षीचं आहे हे. ऑगस्टमध्ये सत्र सुरू झालेलं असतं, प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या नुकत्या आटोपलेल्या असतात, इलेक्ट्रिशियन आणि फिटरच्या जागा कशा झटपट भरल्या याची बातमी जिल्ह्याच्या पानावर येऊन गेलेली असते. मग सोयाबीन काढणीला येतं. नवरात्र, दिवाळी, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम, लग्नसराईत केटररला लागणारी पोरं, मध्येच पोलीस भरतीची उठलेली हवा. जानेवारीत जाऊन बघावं तर पटावर वीस नावं आणि व्हाइसपाशी उभी असलेली पोरं त्याच्या निम्मी. कधी निम्मीही नाहीत.

ही गळती थांबवायची तर ती आत्ता, येत्या तीन-चार आठवड्यांतच थांबवता येईल. दिवाळीनंतर नाही. एकदा पोराच्या हातात रोजचे चार-पाचशे रुपये खुळखुळायला लागले की त्याला परत कानशीवर उभं करणं कुणाच्या बापाला जमत नाही. म्हणून हे तातडीचं आवाहन. ते सरकारला कमी आणि तुम्हाला जास्त आहे. ज्यांच्या घरातली, भावकीतली, गल्लीतली कुणी पोर यंदा आयटीआयला लागली आहे, जे तिला अर्ध्या वर्षातच रोजंदारीवर बोलावणार आहेत, आणि ज्यांच्या सहीने तिची हजेरी लागणार आहे, त्या सगळ्यांना.

राज्यात चारशेहून अधिक शासकीय आणि पाचशेहून अधिक खाजगी आयटीआय आहेत. मिळून सुमारे दीड लाख जागा. दर पावसाळ्यात आपण या जागा मोजतो. किती अर्ज आले, कट-ऑफ किती लागला, कुठल्या ट्रेडला मागणी वाढली, किती जागा रिकाम्या राहिल्या. प्रवेश घेतलेल्यांपैकी आज सकाळी किती जण हजर होते, हा आकडा मात्र कुठल्या वर्तमानपत्रात येत नाही, कारण तो कुणी विचारत नाही. पत्रकार मित्रांना पहिली विनंती इथेच करून टाकतो: यंदा प्रवेशाच्या बातमीनंतर डिसेंबरात त्याच आयटीआयमध्ये परत जा. प्राचार्यांना ट्रेडनुसार हजेरी विचारा. छापा.

नियम साधा आहे. वर्षभरात 80 टक्के हजेरी नसेल तर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही. 2022पासून वर्षाचा अभ्यासक्रम 1600 तासांवरून 1200 तासांवर आला. रोजचे सहा तास धरले तर होतात 200 दिवस. त्यातले 40 दिवस बुडाले की संपलं. एक काढणी, एक लग्नसराई आणि घरातलं एखादं आजारपण, एवढ्यात चाळीस दिवस कुठे जातात ते कळतही नाही. 1600 तासांच्या काळात बुडालेलं काम पुढच्या महिन्यात करून घ्यायला निदेशकाला थोडी तरी सवड असायची. आता ती उरलेली नाही, हे पालकांना कुणी सांगितलेलंच नाही. त्यांच्या डोक्यात अजून कॉलेजचा हिशेब आहे: वर्षभर कुठेही असू दे, परीक्षेच्या आधी महिनाभर बसलं की झालं.

मग नियम पाळल्यासारखा दिसावा म्हणून जे होतं ते आयटीआयच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे. हजेरी भरून दिली जाते. काही खाजगी संस्थांत तर प्रवेशाच्या वेळीच कानात सांगितलं जातं की फी भरा, परीक्षेला या, मधलं आम्ही बघतो. पालकाला वाटतं सोय झाली. मी बरीच वर्षं फिटर ट्रेडला शिल्पनिदेशक होतो, म्हणून सांगतो: ती सोय नाही, तुमच्या पैशांनी तुमच्याच मुलाचं केलेलं नुकसान आहे.

कारण कार्यशाळेतली गैरहजेरी आणि वर्गातली गैरहजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाचा तास बुडाला तर मित्राची वही घेता येते. फिटरला आलेला मुलगा पहिल्या काही महिन्यांत काय शिकतो? कानस धरायला. हसू नका. लोखंडाचा एक तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि त्याचं तोंड सपाट करायचं. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत कानस. नवखा हात पुढे जाताना झुलतो, त्यामुळे तोंड मधे फुगीर आणि कडांना उतरतं होतं. हे का होतं ते मी फळ्यावर पाच मिनिटांत सांगू शकतो, पण ते सांगून एकाही मुलाचा हात सरळ झाल्याचं मी पाहिलेलं नाही. खांदा, कोपर आणि पावलं कशी ठेवायची ते शरीराला कळायला आठवडे लागतात. सलग आठवडे. मध्ये पंधरा दिवस खाडा झाला की हात पुन्हा झुलायला लागतो. त्यानंतर मार्किंग, पंच, हॅकसॉ, ड्रिल, टॅप. मग दोन तुकडे एकमेकांत चपखल बसवायचा जॉब, जिथे व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटरचा फरक बघावा लागतो. प्रत्येक काम आधीच्या कामावर उभं. कानस सुटलेल्या मुलाला फिटिंग जमत नाही. फिटिंग जमत नाही म्हणून त्याला लाज वाटते. लाज वाटते म्हणून तो येत नाही. माझ्या अनुभवात निम्मी गैरहजेरी ही आधीच्या गैरहजेरीतून आलेली असते.

वेल्डरच्या मुलाला आर्कची लांबी बरोबर आहे की नाही हे डोळ्यांइतकंच कानाने कळायला लागतं. तो आवाज व्हिडिओत मिळत नाही. आणि इलेक्ट्रिशियनचा ज्या दिवशी अर्थिंगचा सराव होता, मेगरने इन्सुलेशन तपासायचं होतं, त्या दिवशी जो मांडवात ताटं वाढत होता, तोच उद्या कुणाच्या तरी न्हाणीघरात गीझर बसवायला जाणार आहे. हजेरीपटावर त्या दिवसापुढे ‘ह’ लिहिलेला असतो. त्या ‘ह’वर विश्वास ठेवून तुम्ही नळाला हात लावणार आहात.

तर पोरं येत का नाहीत?

आळशी आहेत, मोबाइलमध्ये असतात, हे उत्तर आधी बाजूला ठेवा. ज्या मुलाला पहाटे पाचला उठून मैदानावर सोळाशे मीटर पळताना मी पाहिलं आहे, त्याला मी आळशी म्हणणार नाही. तो भरतीची तयारी करतो, अकरा वाजता थकून येतो, किंवा येत नाही. त्याच्या घराला वाटतं की आयटीआय हा हाताशी असावा म्हणून घेतलेला कागद आहे. खरी नोकरी वर्दीची. दुसरा एखादा सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीही करतोय. तिसरा दिवसा आयटीआय आणि रात्री गोदामात पार्सलं चढवतो. ही मुलं भरपूर काम करत आहेत, फक्त कार्यशाळेत करत नाहीत.

पैसा हे पहिलं कारण आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आयटीआयच्या पोराला वर्षानुवर्षं महिन्याला 40 रुपये विद्यावेतन मिळत होतं. 2023मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते 500 केलं. वाढ मोठी दिसते. पण केटरर एका लग्नाला तेवढे देतो. बाप शेतमजूर, घरात दोन धाकटी, अशा मुलाला ‘शिक आधी’ म्हणणं आपल्याला सोपं आहे.

आणि इथे मी कारखानदारांना थोडं कडू बोलणार आहे. मुलाचा हिशेब मूर्खपणाचा नाही. एमआयडीसीच्या गेटवर ठेकेदाराकडे आयटीआय झालेला आणि न झालेला, दोघांनाही हेल्परचा एकच दर मिळत असेल, तर दोन वर्षं घालवून प्रमाणपत्र आणायचं कशाला, हा प्रश्न अठरा वर्षांच्या पोरालाही पडतो. मग तो पहिलं वर्ष संपायच्या आत पॅकिंगला लागतो. तुम्ही सभांमध्ये म्हणता की कुशल मनुष्यबळ मिळत नाही. ते तुमच्याच गेटवर अर्धं कच्चं असताना कापलं जातं. शिकाऊ उमेदवार कायदा 1961चा आहे. 30 किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 2019मध्ये ठरल्याप्रमाणे त्यांना शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये किमान विद्यावेतन मिळायला हवं होतं, आणि त्यातला एक वाटा सरकार उचलतं. हे आकडे आयटीआयच्या सूचनाफलकावर तुमच्या कंपनीच्या नावानिशी लागले, की हजेरी पुरी करून पास झालेल्या अमुक इतक्यांना आम्ही घेऊ, तर त्याचा परिणाम कुठल्याही बायोमेट्रिक यंत्रापेक्षा लवकर दिसेल. ठेकेदारांना एवढंच सांगा की आयटीआयचं ओळखपत्र गळ्यात असलेलं पोरगं कामाच्या दिवशी सकाळी गेटवर दिसलं तर त्याला परत पाठवा. सुट्टीच्या दिवशी घ्या, हवं तर. अठरा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामावर लावणं तसंही 2016च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे.

दुसरं कारण एसटी. विद्यार्थ्याला मासिक पासात 66 टक्क्यांहून जास्त सवलत आहे, म्हणजे भाड्याचा प्रश्न बराचसा सुटला. वेळेचा सुटलेला नाही. आयटीआय बहुधा गावाबाहेर, एमआयडीसीच्या किंवा तहसीलच्या पलीकडे, आणि सत्र सकाळी लवकर सुरू होतं. गावातली पहिली गाडी शाळा-कॉलेजच्या वेळेला धरून असते. पोरगं रोज पाऊण तास उशिरा पोचतं, रोज बोलणी खातं, आणि एक दिवस स्टँडवरूनच माघारी वळतं. मुलींच्या बाबतीत संध्याकाळची गाडी महत्त्वाची. ती चुकली की दुसऱ्या दिवशी घरचेच पाठवत नाहीत. माझ्या पाहण्यात ज्या मुली पोचतात त्या सहसा बुडवत नाहीत. त्यांची गैरहजेरी त्यांच्या पायांत नसते. ती बसच्या वेळापत्रकात असते, संस्थेतल्या नसलेल्या किंवा कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहात असते, आणि एप्रिल-मेच्या मुहूर्तांत असते.

तिसरं कारण आमच्या बाजूचं आहे. निदेशकांच्या जागा रिकाम्या आहेत. एकच माणूस दोन तुकड्या सांभाळतो, तासिका तत्त्वावरचा निदेशक सत्र अर्धं झाल्यावर येतो, वेल्डिंगच्या रॉडची खरेदी फायलीत अडकते. अशा वेळी मुलगा येतो, दिवसभर बाकावर बसतो, जॉब हाती येत नाही, आणि उद्यापासून न येण्याचं ठरवतो. त्याला दोष देता येणार नाही. ज्या दिवशी मुलाच्या हातून काही घडलं नाही तो दिवस हजेरीचा धरू नये, असं माझं मत आहे. नियम तसा नाही, पण असायला हरकत नव्हती.

पुणे जिल्ह्यातलं पाबळ इथे आठवतं. डॉ. श्री. शं. कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. ते शहर सोडून तिथे गेले आणि 1983मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. वर्गात नापास ठरलेल्या मुलांना हाताने काम करता करता शिकवायचं, हा त्यांचा ध्यास. तिथून निघालेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी कामं करतात, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगाला येतं. शाळेचं गेट वेल्ड करायचं असेल तर ते खरंखुरं गेट असतं. कलबाग 2003मध्ये गेले. काम चालू आहे. आयटीआयने तिथून घ्यायचं ते एवढंच की मुलाने दोन महिने घासलेला तुकडा भंगाराच्या पेटीत जात असेल तर मुलाचं मनही तिथेच जातं. अभ्यासक्रमाचे जॉब करावेच लागतील. पण त्यांच्या जोडीला अंगणवाडीचं मोडकं फाटक, शाळेचं वायरिंग, ग्रामपंचायतीची पंपाची मोटर अशी कामं निदेशकाच्या देखरेखीखाली तुकडीला द्यायला काय हरकत आहे? सरपंचांनी मागणी केली तर बरेच प्राचार्य हो म्हणतील. 2022च्या अभ्यासक्रमात वर्षाला 150 तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण किंवा प्रकल्प आहेच. ते तास कागदावर भरायचे की गावात, हे आपण ठरवू शकतो.

सरकारकडे योजना नाहीत असं नाही. कोठारी आयोगापासून व्यवसाय शिक्षणाचं महत्त्व सगळे सांगत आले. 1986च्या धोरणाने उच्च माध्यमिकच्या 25 टक्के विद्यार्थ्यांना 1995पर्यंत या वाटेवर आणायचं ठरवलं होतं. 2020च्या धोरणाने 2025पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायचं ठरवलं. दरम्यान 2023-24च्या आर्थिक पाहणीत नोंद झाली की 15 ते 29 वयोगटात रीतसर व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले फक्त 4.4 टक्के. मे 2025मध्ये केंद्राने 1,000 शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी 60,000 कोटींची योजना मंजूर केली. यंत्रं येतील, इमारती रंगतील. चांगलंच आहे. पण सीएनसी मशीनपुढे उभा राहणारा मुलगा सोमवारी आला नाही तर ते मशीन प्लास्टिकच्या आच्छादनाखाली राहतं, आणि असं आच्छादन मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

आई-वडिलांनो, या पंधरवड्यात एकदा आयटीआयमध्ये जा. प्रवेशाच्या दिवशी गेला होता ते धरू नका. ते कार्यालयात जाणं झालं. आता कार्यशाळेत जा, निदेशकांना भेटा, त्यांचा मोबाइल नंबर घ्या, आपला द्या. मुलगा घरी आल्यावर ‘गेला होतास का’ विचारू नका, तो हो म्हणेल. ‘आज कुठला जॉब केला’ विचारा. प्रॅक्टिकलची वही बघा. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल. वहीत आकृती आहे का आणि खाली निदेशकांची सही आहे का, एवढं कुणालाही कळतं. घरात पैशाची ओढ असेल तर मुलाशी उघड बोला, कोणते दिवस कामाला जायचं ते ठरवा आणि ते शनिवार-रविवार असू द्या. काढणीला हात कमी पडत असतील तर आधी निदेशकांना कळवा. सांगून घेतलेल्या चार दिवसांची भरपाई होते, न सांगता गेलेल्या दहा दिवसांची होत नाही.

निदेशक मित्रांनो, तुमच्यावर काय बोजा आहे ते मला सांगायला नको. तरी एक करा. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाला चौथ्या दिवशी फोन करा. पंधराव्या दिवशी केलेल्या फोनला अर्थ नसतो, तोवर तो दुसरीकडे लागलेला असतो. आणि आल्यावर सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेऊ नका. त्याला त्याच्याच सुटलेल्या जॉबवर उभं करा. हजेरी भरून द्या म्हणून वरून फोन आला तर नाही म्हणणं अवघड असतं, हे जाणतो. नाही म्हणा.

संस्था व्यवस्थापन समित्यांवर जे उद्योजक अध्यक्ष आणि सदस्य आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत खरेदीच्या विषयाआधी हजेरीपट टेबलावर मागवावा. ट्रेडनुसार, महिन्यानुसार. मग उठून कार्यशाळेत जावं आणि डोकी मोजावीत. दोन आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशीची बैठक त्याच विषयावर व्हावी.

मंगल कार्यालयं, केटरर, मंडपवाले, गोदामवाले यांना हात जोडून सांगतो: पोरांना काम द्या, पण कामाच्या दिवशी सकाळी नको.

आणि गावांना. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. विषयपत्रिका त्याआधी निघते, म्हणून सप्टेंबरातच सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी विषय द्या. ठरावात तीन गोष्टी पुरेत. गावातून आयटीआयला जाणाऱ्या मुला-मुलींची यादी ग्रामपंचायतीने करावी. फलकावर लावायला नव्हे, कुणाला लाजवायला तर नव्हेच, तर कुणाला बस लागते आणि कुणाच्या घरी अडचण आहे हे कळावं म्हणून. त्या यादीच्या आधारे सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीची नेमकी वेळ लिहून आगारप्रमुखांना पत्र जावं, त्यावर शेजारच्या दोन-तीन गावांच्याही सह्या असाव्यात, कारण एका गावासाठी आगार गाडी हलवत नाही. आणि गावातल्या एखाद्या जुन्या आयटीआयवाल्यावर, जो आज कंपनीत, महावितरणमध्ये किंवा स्वतःच्या गॅरेजमध्ये आहे, दर महिन्याला या मुलांना भेटण्याची जबाबदारी टाकावी. असा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला अजून कुणी विचारलेलं नसतं. ठरावाची एक प्रत आयटीआयच्या प्राचार्यांना द्या आणि पोच घ्या.